पोर्देनोनेचा मूकपट महोत्सव: आईसोबत तीन दिवस

दर ऑक्टोबरात ईशान्य इटलीतल्या पोर्देनोने गावात आठवडाभर मूकपट दाखवतात. ‘ले जोर्नाते देल चिनेमा मुतो’, म्हणजे मूकपटांचे दिवस. मी पादोव्यात राहते. मेस्त्रेला गाडी बदलली की पोर्देनोने तिथून तासाभरावर, तरी इतकी वर्षं जाणं झालं नव्हतं. गेल्या खेपेला आई लातूरहून आली होती. तिला घेऊन तीन दिवस राहिले. आता कुणी विचारलं, व्हेनिस झालं, पुढं काय बघू, की मी पोर्देनोनेचं नाव घेते.

गावाची वस्ती पन्नासेक हजार. स्टेशनापासून चालत गेलं की कमानींची जुनी पेठ लागते, जवळच तेआत्रो व्हेर्दी. मुख्य खेळ सगळे तिथंच. सगळे जण एकच सिनेमा बघून बाहेर पडतात, त्यामुळं कॉफी पिताना शेजारचा जपानी अभ्यासक आणि तुम्ही एकाच प्रसंगावर बोलत असता. सह्या घ्यायला झुंबड नसते. ज्यांच्यासाठी आलो ते नट-नट्या जाऊन कितीतरी वर्षं झालेली.

आत शिरताना आईला सांगितलं, याला आवाज नसतो. दिवे गेले, पियानो सुरू झाला. पाच मिनिटांनी तिनं कोपरानं ढोसलं, “अगं, आवाज नाही म्हणतेस, मग वाजवतंय कोण?” मी खाली बोट दाखवलं. पडद्यापाशी एक माणूस मान वर करून पियानो वाजवत होता. पट्ट्यांवर चमकणाऱ्या छोट्या दिव्यात त्याचे फक्त हात दिसत होते. एकदाही हातांकडं बघितलं नाही त्यानं, डोळे सगळे पडद्यावर. नायिकेनं चिठ्ठी फाडली तेव्हा त्यानं हात उचलले आणि तिचा शेवटचा कपटा जमिनीवर पडेपर्यंत उचललेलेच ठेवले. सगळं थिएटर चिडीचूप. त्यानंतर आईनं मला पडद्यावर मधेमधे येणाऱ्या मजकुराच्या पाट्यांचा अर्थ विचारणं सोडलं.

आता हे सगळं सुरू कसं झालं ते सांगते, कारण माझा जीव तिथंच अडकलाय.

६ मे १९७६ च्या रात्री फ्रिउली प्रांतात, म्हणजे पोर्देनोनेच्याच भागात, मोठा भूकंप झाला. हजाराच्या आसपास माणसं गेली, जेमोना गाव जवळजवळ भुईसपाट झालं. लोक तंबूत राहत असताना जिनोव्हाहून आंजेलो हुमूदा नावाचा सिनेमावेडा माणूस आपल्या फिल्मी घेऊन आला आणि भूकंपग्रस्तांना जुने सिनेमे दाखवू लागला. त्यातून १९७७ साली जेमोनात ‘चिनेतेका देल फ्रिउली’ हे चित्रपट संग्रहालय उभं राहिलं. लिव्हियो याकोब आणि पिएरा पताट हे त्यातले मुख्य. १९८२ साली या मंडळींनी पोर्देनोनेच्या ‘चिनेमाझेरो’ या सिनेमासंस्थेला सोबत घेऊन पहिला महोत्सव भरवला. विषय एकच, माक्स लँदेर हा फ्रेंच विनोदी नट.

मी औसा तालुक्यातली. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. आदल्याच दिवशी गणपती बोळवले होते. पुढं आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. एका संध्याकाळी कुणीतरी दोन बांबूंना पांढरं धोतर बांधून त्यावर सिनेमा दाखवला. आवाजाचं यंत्र बिघडलेलं, नुसती चित्रं हलत होती. आमची काकू गेल्यापासून आई एक शब्द बोलली नव्हती, ती त्या रात्री हसली. त्यामुळं हुमूदाची गोष्ट मला कुणी समजावून सांगावी लागली नाही.

महोत्सव वाढला तो दरवर्षी एखादा विसरलेला कोपरा धुंडाळत. १९८९ साली क्रांतीपूर्वीच्या रशियन सिनेमाचा विभाग झाला आणि येव्हगेनी बाउअरसारखा दिग्दर्शक जगाला नव्यानं कळला. अमेरिकन दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथचं काम त्यांनी १९९७ पासून २००८ पर्यंत क्रमानं दाखवलं. एका दिग्दर्शकासाठी बारा वर्षं! एवढा धीर मी दुसऱ्या कुठल्या महोत्सवात बघितलेला नाही. मधे जुनं व्हेर्दी थिएटर पाडलं तर १९९९ पासून आठ वर्षं सगळा पसारा जवळच्या साचिले गावात हलवला, नवं थिएटर झालं तेव्हा २००७ ला परत आणला. तरुण पियानोवादकांना मूकपटाला साथ कशी करायची हेही इथंच शिकवतात. अमेरिकन दिग्दर्शक ऑर्सन वेल्सच्या ‘टू मच जॉन्सन’ची हरवलेली रिळं तर पोर्देनोनेतल्याच एका गोदामात सापडली आणि २०१३ च्या महोत्सवात लोकांसमोर आली.

१९९४ साली, आम्ही पत्र्याखाली दिवस काढत होतो त्याच वर्षी, पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या साथीनं इथं भारतीय मूकपटांचा मोठा विभाग झाला. त्या निमित्तानं सुरेश छाब्रियांनी संपादित केलेलं पुस्तकही निघालं. आपल्याकडं सुमारे १३०० मूकपट बनले, उरले असतील तीसेक, तेही बरेचसे तुकड्यांत. त्या काळची नायट्रेटची फिल्म भडकन पेट घेते, नाहीतर पडून पडून तिचा भुगा होतो. फाळक्यांची रिळं पुण्याच्या संग्रहालयाचे संस्थापक पी. के. नायर यांनी मिळवून जपली नसती तर ‘कालियामर्दन’मधली बाळकृष्ण झालेली त्यांची छोटी मुलगी मंदाकिनी आज आपल्याला दिसली नसती. तो विभाग पुन्हा भरावा असं मला फार वाटतं. तीन दिवसांत एकही भारतीय चित्र बघायला मिळालं नाही, याचं वाईट वाटलं.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. खोली खूप आधी घ्या. आम्ही उशिरा शोधली, मग जिथं मिळाली त्या मालकानं ठरल्यापेक्षा जास्त पैसे लावले आणि गरम पाणीही धड आलं नाही. दुसरं, सगळं बघायच्या फंदात पडू नका. सकाळी सुरू होतं ते रात्री उशिरापर्यंत चालतं. म्हाताऱ्या माणसाला दिवसाला तीन खेळ पुष्कळ झाले. पाट्यांचा अनुवाद इंग्रजी आणि इटालियनमध्ये असतो.

२०२० पासून निवडक सिनेमे पैसे भरून घरबसल्याही बघता येतात. यंदा मी आईसाठी ते घेतलं. लातूरला टीव्हीला मोबाइल जोडून तिनं शेजारच्या दोघींना बोलावलं होतं. रात्री तिचा फोन आला, “पियानोवाला ह्यात दिसत नाही गं. पण वाजवतोय छान.”