घोडबंदर रस्त्यावरची बोन्सायची रोपवाटिका : झाडे उत्तम, माहिती अपुरी

जानेवारीत घोडबंदर रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेतून मी दोन बोन्साय आणले, १,८०० रुपयांचे फायकस आणि २,४०० रुपयांचे ज्युनिपर. फायकस आज माझ्या गॅलरीत आहे. ज्युनिपर उन्हाळ्यातच गेले.

झाडांच्या घडणीबद्दल तक्रारीला जागा नाही. वड, उंबर, कामिनी, बोगनवेल, जेड अशी आपल्या हवेत टिकणारी झाडे तिथे भरपूर आहेत आणि ती घाईने तयार केलेली वाटत नाहीत. माझ्या फायकसची मुळे बुंध्याभोवती चारही अंगांनी मातीवर उमटलेली आहेत आणि फांद्या छाटल्याच्या खुणा भरून आलेल्या आहेत.

अडचण कुंडीत होती. मातीवर पांढऱ्या खड्यांचा थर गोंदाने चिकटवलेला होता आणि तो नीटनेटका दिसतो म्हणून मी तसाच राहू दिला. पाणी घातले की ते खड्यांवरून काठाकडे जाई आणि ओघळून ताटलीत साचे; भरलेली ताटली पाहून मला वाटे, झाडाला पोटभर पाणी मिळाले. तीन आठवड्यांनी पाने पिवळी पडून गळू लागली, तेव्हा चमच्याच्या दांड्याने मी त्या थराचा एक कोपरा उचकटला. खालची माती विटेसारखी कोरडी आणि घट्ट झाली होती.

ज्युनिपरची गोष्ट अधिक वाईट आहे. ते मुळात थंड प्रदेशातले झाड, त्याला भरपूर ऊन आणि हिवाळ्यात थंडीतली विश्रांती लागते. ठाण्यात ती थंडी मिळत नाही आणि घरात तर ऊनही मिळत नाही. विकताना मात्र मला ‘टीपॉयवर ठेवा, छान दिसेल’ एवढेच सांगण्यात आले आणि मी ते टीपॉयवर ठेवले. मुळे मेल्यानंतरही ज्युनिपरची पाने कित्येक आठवडे हिरवी राहतात, त्यामुळे ते गेल्यावरही मी त्याला नेमाने पाणी घालत राहिले, याची हळहळ अजून वाटते. एप्रिलअखेर नखाने डहाळी खरवडली, तर सालीखाली हिरवेपणाचा मागमूस नव्हता.

दुकानात विचारल्यावर काउंटरवर ‘झाडाची गॅरंटी नसते’ असे उत्तर मिळाले. गॅरंटी मीही मागितली नव्हती. कोणते झाड कुठे जगते, हे पैसे घेण्यापूर्वी सांगणे दुकानाचे काम आहे, असे माझे ठाम मत आहे.

मागच्या शेडमधल्या माळीकाकांनी मात्र अर्धा तास दिला. “ताई, रोज पाणी घालायला कुणी सांगितलं? आधी बोट घालून बघायचं. वरचं पेरभर सुकं लागलं की मगच पाणी, तेही खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत,” असे त्यांनी समजावले. जूनमध्ये ३०० रुपयांत त्यांनी फायकसची कुंडी बदलून दिली. जुनी माती काडीने मोकळी करून त्यांनी मुळे एक तृतीयांशाच्या आतच छाटली, विटांचा चुरा चाळून त्यातली पूड टाकून दिली आणि उरलेले खडे जाड रेती, लाल माती व थोड्या शेणखतात मिसळले. या मिश्रणात पावसाळ्यातही पाणी साचून राहिले नाही. या सेवेला मी पाचपैकी पाच गुण देईन.

त्यानंतरची चूक सर्वस्वी माझी. जुलैअखेर एका फांदीला वळण देण्यासाठी मी स्वतः ॲल्युमिनियमची तार गुंडाळली आणि ती नवरात्रापर्यंत पाहिलीच नाही. पावसाळ्यात फायकस झपाट्याने जाडावते, त्यामुळे तार सालीत रुतली. ती कटरने तुकडे करून काढण्याऐवजी मी उलगडायला गेले आणि फांदीला चीर गेली. सालीवरचे वळ अजून तसेच आहेत.

दुकानाला मी पाचपैकी तीन गुण देते. फायकस किंवा जेड घ्यायचे असेल तर जरूर जा, पण थेट मागच्या शेडमध्ये माळीकाकांना गाठा, खड्यांचा थर तिथेच काढून घ्या आणि कुंडीच्या तळाची भोके मोकळी आहेत का, ते उचलून पाहा. ज्युनिपर अजूनही दर्शनी फळीवर मांडलेले असते. ते तिथून काढावे, असे मी मालकांना लेखी कळवले आहे.