न वाचता येणारा निळा : पॅलेट बदलावे की एलएस_कलर्स?
महाप्याच्या कार्यालयात दुपारचे ऊन स्क्रीनवर आले की टर्मिनलच्या (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीच्या) काळ्या पार्श्वभूमीवरची डिरेक्टरींची (फोल्डरांची) गडद निळी नावे वाचताच येत नाहीत. (पडदा ओढावा, तर शेजारच्याला उजेड हवा असतो.) टर्मिनलच्या प्रोफाइलमध्ये पॅलेटमधला (क्रमांक दिलेल्या रंगांच्या संचातला) 4 क्रमांकाचा निळा उजळ केला, तर तो एसएसएचने (दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे काम करण्याच्या सोयीने) जोडलेल्या सर्व्हरवरील मजकुरालाही लागू होतो, कारण सर्व्हर 01;34 (ठळक, निळा) एवढाच संकेत पाठवतो आणि प्रत्यक्ष छटा आपले टर्मिनल ठरवते; मात्र ठळक अक्षरे उजळ रंगात दाखवण्याचा पर्याय सुरू असल्यास 12 क्रमांकाचा रंगही (उजळ निळा) तपासावा. एलएस_कलर्समधील (LS_COLORS, यादीतील नावांचे रंग ठरवणारे सेटिंग) बदल मुख्यतः एलएसच्या (ls, फायलींची यादी दाखवणाऱ्या आज्ञेच्या) यादीपुरताच राहतो आणि प्रत्येक सर्व्हरवर तो नव्याने करावा लागतो, म्हणून माझा कल पॅलेटकडे आहे. केवळ डिरेक्टरींच्याच नावांचा रंग बदलायचा असेल, तर एलएस_कलर्समध्ये डीआय=01;36 (di=01;36) पुरेसे आहे; नावे आकाशी दिसतात.