ताकद कशात जास्त भिनते: एल्डन रिंग की सेकिरो?

सांगली-मिरजेत गेमिंग कॅफेत तासावर पैसे मोजणाऱ्यांत हा वाद नेहमीचा. दोन्ही गेम फ्रॉमसॉफ्टवेअर या कंपनीचेच, सेकिरो २०१९चा, एल्डन रिंग २०२२चा.

एल्डन रिंगमध्ये ताकद साठवता येते. सुरुवातीचा बॉस (मोठा शत्रू) मार्गिट आवरत नसेल तर हट्ट सोडा, लिमग्रेव्ह या पहिल्याच प्रदेशातल्या खाणीतून स्मिदिंग स्टोन, म्हणजे हत्यार सुधारायचे दगड, गोळा करा. साध्या हत्याराला +३ पर्यंत, म्हणजे तीन पायऱ्या वर, न्यायला २, ४ आणि ६ असे १२ दगड लागतात. नवखे शत्रू मारून मिळालेले सगळे रून्स पात्राच्या स्ट्रेंग्थमध्ये (शक्तीत) ओततात आणि तिथेच फसतात. सुरुवातीला डॅमेज वाढतो तो मुख्यतः हत्याराच्या अपग्रेडने, पॉइंट व्हिगरला, म्हणजे जीव वाढवणाऱ्या गुणाला, द्यावेत. मग त्याच सैनिकांतून परत जा. जो चार घावांत पडायचा तो आता कमी घावांत आडवा होतो, आणि ते बघण्यात खरंच मजा आहे.

सेकिरोत ही पळवाट जवळजवळ नाही. चार प्रेअर बीड्स (गेममध्ये मिळणारे जपमाळेचे मणी) जमले की आयुष्य थोडं वाढतं, बाकी जवळजवळ सगळा भार तुमच्या हाताच्या सरावावर. ब्लॉकचं बटण घाईघाईने बडवलं की डिफ्लेक्टची, म्हणजे घाव नेमक्या क्षणी परतवायची, वेळ आखडते. ठोका ऐकून एकदाच दाबा. बॉसचा पोश्चर (तोल ढळल्याचं माप, भरलं की तो उघडा पडतो) भरत नसेल तर आधी त्याचं रक्त कमी करा, कारण जखमी शत्रूचा पोश्चर हळू सावरतो. गेनिचिरो या बॉसची वीज हवेत झेलून, पाय टेकण्याआधी त्याच्यावरच परतवली की अंगावर काटा येतो.

आठवड्याला दोन-तीन तासच मिळत असतील तर एल्डन रिंग घ्या. पण पहिल्यापासून नव्याने सुरू केल्यावरही टिकणारी ताकद, म्हणजे हातात मुरलेलं कौशल्य, सेकिरोच देतो. आमचा कौल त्यालाच.