लंडन पोलिसांवरचं सेशन: पोस्टरवर रिपर, पण माल वेगळाच (४ स्टार)

सदाशिव पेठेतल्या एका छोट्या हॉलमधे रविवारी सकाळी होतं, तिकीट ३०० रुपये. पोस्टरवर धुकं, कंदील आणि जॅक द रिपर (लंडनचा कधीच न सापडलेला खुनी), त्यामुळे अर्धं पब्लिक खुनाच्या गोष्टी ऐकायला आलेलं. बोलणाऱ्या सरांनी रिपर उरकला शेवटच्या पंधरा मिनिटांत, आणि माझ्या मते बरोबर केलं.

आधीचा सगळा वेळ साध्या शिपायावर. १८२९ मधे गृहमंत्री रॉबर्ट पीलने हे मेट्रोपॉलिटन पोलीस दल उभं केलं तेव्हा लंडनकरांना ते नकोच होतं, लष्कर आणि हेर आपल्या गल्लीत घुसणार अशी भीती, म्हणून मुद्दाम लष्करासारखा लाल नको, निळा कोट, डोक्यावर साधी टॉप हॅट, हातात फक्त लाकडी दंडुका. भरती मात्र अशी की यादीतला पहिल्या नंबरचा शिपाई पहिल्याच दिवशी दारू पिऊन बडतर्फ! बीटवर तासाला अडीच मैल या ठरलेल्या चालीने फिरायचं, पाऊस असो की थंडी. मदतीला बोलवायला शिट्टी पण नव्हती (ती १८८० नंतर आली), लाकडी खुळखुळा गरगर फिरवायचा. सरांनी तसा एक करून आणलेला, तो हॉलभर फिरला, माझ्या शेजारच्या पोराने असा काही फिरवला की मागच्या आजी दचकून उठल्याच.

१८३३ च्या लंडनमधल्या कोल्डबाथ फील्ड्सच्या राजकीय सभेचा भाग सगळ्यात भारी. पोलिसांनी गर्दीवर लाठ्या चालवल्या, त्या गोंधळात कली नावाच्या शिपायाला भोसकून मारलं, आणि चौकशीला बसलेल्या ज्युरीने निकाल काय द्यावा, तर हा खून समर्थनीय! वर लोकांनी त्या ज्युरीचेच सत्कार केले. पोलिसांबद्दल एवढा राग होता हे मला खरंच माहीत नव्हतं. १८४८ चे चार्टिस्ट (मताधिकार मागणारे कामगार) आणि १८८७ चा ट्रॅफल्गर स्क्वेअर (तिथली पोलीस-निदर्शक चकमक) मात्र भराभर गुंडाळले, तिथे अजून हवं होतं राव.

रिपरमधेही सरांनी नेमकी जागा पकडली. १८८८ मधे एका रात्रीत दोन खून, एक मेट्रोपॉलिटनच्या भागात, दुसरा सिटी पोलिसांच्या (लंडनच्या मधल्या जुन्या भागाचं वेगळं दल), म्हणजे ‘आमच्या हद्दीत येत नाही’ हे दुखणं तिथलंही जुनंच. त्या रात्री भिंतीवर ज्यूंबद्दल खडूने लिहिलेलं सापडलं तर कमिशनर वॉरनने फोटो काढायच्या आत पुसायला लावलं, कारण दंगल होईल. पुरावा गेला तरी चालेल पण गर्दी भडकायला नको! यावर हॉलमधे मस्त वाद पेटला.

प्रश्नोत्तरांत एका काकांनी प्रश्न राहिला बाजूला, रँड आणि प्लेगवर भाषणच सुरू केलं. सरांनी शांतपणे एवढंच सांगितलं की लंडनमधे पोलीस लष्करासारखे दिसू नयेत म्हणून एवढी धडपड, आणि १८९७ ला पुण्यात घरं तपासायला सरळ गोरे सोल्जर. काका खूश, आम्हीपण.

एक स्टार कापला तो प्रोजेक्टरसाठी, नकाशे पार फिकट, मागून काही दिसत नव्हतं, शिवाय सुरुवात उशिरा. चहा तिकिटात नाही, खाली अमृततुल्य आहे. पुढचं सेशन मँचेस्टरवर आहे म्हणे. टू-व्हीलरनेच जा, कार लावायला जागा मिळणार नाही.