फेल्ट हॅटसाठी घेतलेला स्टीमर: पावसाळाभर वापरल्यानंतर

स्टीमर बंद पडला म्हणून लिहायला बसलो. हातात धरायचा, कपड्यांना वाफ द्यायचा नेहमीचा स्टीमर. वॅट, टाकी, वायर सगळ्यांना माहीत आहे, त्यात जात नाही. मी तो कपड्यांसाठी घेतलाच नव्हता. बाबांची करडी फेल्ट हॅट ट्रंकेत कपड्यांखाली दबून चेपली होती. माथ्यावरची घडी सपाट झालेली, कड एका बाजूने लोंबलेली. बेळगावात फेटा बांधून देणारे भेटतील, पण हॅटचा आकार परत बसवून देणारा मला ना खडेबाजारात सापडला, ना कॅम्पात.

सुरुवातीला स्टीमर फारच आवडला. घोंगड्याला उभा-आडवा धागा असतो, फेल्टला तो नसतोच. लोकरीचे किंवा सशाचे केस ओल, ऊब आणि दाब देऊन एकमेकांत घट्ट गुंतवलेले असतात. वाफ लागली की ते मऊ पडतात, गार होताना जसे धराल तसे बसतात. वीतभर अंतरावरून वाफ द्यायची, चमच्याच्या पाठीने खळगा आतून हळूच बाहेर ढकलायचा, आणि गार होईपर्यंत हात काढायचा नाही. घाई करून हात काढला की कड परत लोंबते. माथा पहिल्याच बैठकीत उठला. घरात सगळ्यांना दाखवून झालं.

मग थेंब सुरू झाले. या थेंबांइतका राग मला कशाचाच आला नाही. कडेला खालून वाफ द्यायची तर स्टीमर तिरका करावाच लागतो, आणि तिरका केला की तोंडातून उकळत्या पाण्याचा शिंतोडा फेल्टवर पडतो. वाळल्यावर तिथे गडद कडेचा गोल डाग राहतो. करड्या रंगावर तो दारातून दिसतो. मऊ ब्रशने, केसांच्या कलाने, पुन्हा पुन्हा झाडूनही काही डाग अजून आहेत. आधी वाफ जुन्या फडक्यावर सोडून बघितली, टाकी अर्धीच भरून बघितली. थेंब कमी झाले, थांबले नाहीत. राकसकोप जलाशयाचं नळाचं पाणी असेल तेव्हा ठीक, बोअरचं भरलं की तोंडाशी पांढरा थर आणि शिंतोडे दुप्पट. माहितीपुस्तिकेत बोअरच्या पाण्याबद्दल एक ओळ नाही.

श्रावणात त्याने तापणंच सोडलं. सर्व्हिसवाल्याने टाकी उघडून क्षार दाखवले आणि म्हणाला, “सर, बोअरचं पाणी घातलंय, वॉरंटीत येत नाही बघा.” मी म्हटलं, ही अट छापलीय कुठे ते दाखवा. दाखवता आली नाही, तरी दुरुस्तीचे पैसे मागितलेच. दिले नाहीत. त्या पैशांत घरात महिनाभराचा चहा होतो.

तोवर कड परत लोंबायला लागली होती, म्हणून गॅसवर चहाची किटली ठेवली. इथे माझं मत पूर्ण बदललं. किटलीच्या तोंडातून वाफ सावकाश आणि सारखी येते, आणि मुख्य म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. एका हाताने माथा आतून धरायचा, दुसऱ्याने कड थोडी थोडी फिरवत वळवायची. स्टीमरला एक हात कायमचा अडकतो आणि उरलेल्या एका हाताने कड कधीच सारखी वळत नाही. वाफेच्या जोरापेक्षा हे मोकळे हात महत्त्वाचे आहेत, हे मी ठामपणे सांगतो. किटली अर्ध्यापेक्षा कमी भरा, नाहीतर उकळी तोंडातून उडते.

आतल्या चामड्याच्या पट्ट्याला वाफ लागू देऊ नका. ओलं चामडं उष्णतेने आकसतं, मग हॅट डोक्यात जात नाही. पट्टा बाहेर उलटवून ठेवा आणि वाफ फक्त फेल्टला द्या. हॅट आजोबांच्या काळातली असेल तर अजून एक गोष्ट. फेल्ट बनवताना पूर्वी पारा वापरत, अमेरिकेत तो 1941 साली बंद झाला. तितक्या जुन्या हॅटला घरात वाफ देऊ नये, जाणकाराला दाखवावी.

आपल्याकडच्या पावसात भिजली तर झटकून सावलीत वाळवा, चुलीजवळ नको. ठेवताना कडेवर न ठेवता माथ्यावर उलटी ठेवा, कड सरळ राहते. उचलताना माथ्याची घडी चिमटीत धरू नका, तिथेच फेल्ट फाटतं.

कपड्यांना हा स्टीमर बरा असेल, हॅटसाठी घेऊ नका. किटली घरात आहेच. माझी तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 ला नोंदवली आहे. तिथे जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही, त्यामुळे रक्कम छोटी म्हणून सोडून देण्याचं कारण नाही. बिल आणि वॉरंटी कार्ड जपून ठेवलंय.