दाढीच्या ब्रशचा स्टँड: कुणी घ्यावा, काय बघून घ्यावा

दाढीच्या ब्रशसाठी मिळणारा नेहमीचा स्टँड म्हणजे खाली जड चकती, मध्ये दांडी आणि वर इंग्रजी सी अक्षरासारखा उघडा आकडा. आकड्यात ब्रश अडकवायचा, केस खाली आणि मूठ वर. जोडीला बहुधा रेझरसाठी दुसरा, अरुंद आकडा असतो. विकताना सांगतात ते असं, की उलटा टांगलेला ब्रश लवकर वाळतो, केसांच्या बुडाशी पाणी साचत नाही आणि म्हणून तो वर्षानुवर्षं टिकतो. ब्रश वर्षानुवर्षं टिकतो हे खरं, पण त्याचं श्रेय स्टँडकडे फारसं जात नाही.

नीट झटकलेल्या ब्रशमध्ये जे पाणी उरतं, ते केसांमधल्या बारीक फटींत केशाकर्षणाने धरलेलं असतं. थेंब होऊन खाली पडण्याइतकं ते नसतंच. ते जातं वाफ होऊन, हवेबरोबर. त्यामुळे ब्रश उलटा टांगा की सुलटा उभा करा, वाळायला लागणारा वेळ जवळपास सारखाच. खात्री करायची असेल तर ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा पुरतो. कोरड्या ब्रशचं वजन घ्यायचं, मग भिजवून झटकल्यावर, मग १२ तासांनी. एक दिवस उलटा, एक दिवस सुलटा. आकडे स्वतःच बोलतात.

फरक पडतो तो न झटकलेल्या ब्रशला. दाढी झाली, ब्रश नळाखाली कसाबसा फिरवला आणि तसाच उभा केला, तर साबणाचं पाणी मुठीच्या खोबणीत उतरतं, जिथे केस एपॉक्सीने चिकटवलेले असतात. उलटा टांगला तर तेच पाणी टोकांवरून ठिबकून जातं. म्हणजे स्टँड ही आळशी माणसाची सोय आहे. वाईट सोय नाही, पण ती धुण्याची जागा घेऊ शकत नाही.

ब्रश खराब होतो तो पाण्यापेक्षा साबणाने. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणातल्या स्निग्धाम्लांशी जुळलं की पाण्यात न विरघळणारा चिकट साका तयार होतो, आणि तो बरोबर केसांच्या बुडाशी बसतो, कारण पाण्याचा जोर तिथे पोचत नाही. मग केस तळाशी ताठ होतात, एकमेकांना चिकटतात आणि दाढी करताना वाकले की तिथेच तुटतात. ‘ब्रशचे केस गळतात’ अशी तक्रार जेव्हा येते, तेव्हा गळलेला केस हातात घेऊन बघावा. पूर्ण लांबीचा असेल तर चिकटवणीत दोष आहे, आखूड असेल तर तो तुटलेला आहे आणि बहुतेक वेळा कारण हा साकाच असतो. नव्या ब्रशचे सुरुवातीला थोडे केस गळतात, त्याची काळजी करू नये.

म्हणून स्टँडवर जाण्याआधीचं काम असं. कोमट पाण्याच्या धारेखाली केस वरून उघडायचे आणि अंगठ्याने बुडाशी हलकं दाबत राहायचं, पाणी स्वच्छ येईपर्यंत. वरवरचा फेस गेला की काम झालं असं वाटतं, पण बुडाशी दाबलं की पुन्हा पांढरं पाणी येतं. ते थांबायला हवं. मग मुठीकडून टोकांकडे बोटांच्या कड्यात धरून निथळायचं. पीळ द्यायचा नाही, ओढायचंही नाही. त्यानंतर मनगटाने ८-१० जोरदार झटके. शेवटी कोरड्या टॉवेलवर केसांची टोकं चार-पाच वेळा पुढेमागे फिरवायची आणि बोटांनी केस मोकळे करायचे. टॉवेलची ही पायरी बहुतेक जण गाळतात, पण वाळायचा वेळ सगळ्यात जास्त तीच कमी करते.

पाणी जड असेल तर महिन्या-दोन महिन्यांतून एकदा २५० मिली कोमट पाण्यात १५ मिली साधा पांढरा व्हिनेगर घालून त्यात केस दोन-तीन मिनिटं फिरवावेत आणि भरपूर पाण्याने धुवावेत. मूठ बुडवायची नाही. उकळतं पाणी कधीच नाही: नैसर्गिक केस ठिसूळ होतात आणि आतली चिकटवण सुटू लागते.

आता स्टँडकडे. बघायची पहिली गोष्ट म्हणजे आकड्याची फट, आणि बहुतेक खरेदी इथेच फसते. ब्रशच्या वर्णनात जे २२, २४ किंवा २६ मिमी माप दिलेलं असतं ते म्हणजे केसांच्या झुबक्याचा बुडाशी असलेला व्यास. मूठ त्याहून जाड असते आणि तिचा आकार प्रत्येक ब्रशला वेगळा. मुठीला मध्ये कंबर असेल तर ब्रश तिथे अडकतो आणि कंबरेवरचा फुगीर भाग आकड्यावर टेकतो. ही सगळ्यात चांगली स्थिती. फट कंबरेपेक्षा २-३ मिमी मोठी हवी आणि फुगीर भागापेक्षा स्पष्टपणे लहान. जाडी मोजायचा कॅलिपर नसेल तर कागदाची पट्टी कंबरेभोवती गुंडाळून लांबी मोजावी आणि ३.१४ने भागावं.

पिंपासारख्या सरळ मुठींना कंबर नसते. मग आकडा मुठीच्या काठाखाली, थेट केसांच्या बुडाशी येतो आणि ब्रशचा सगळा भार काठावर पडतो. फट झुबक्याइतकीच असेल तर रोज अडकवताना-काढताना कडेचे केस आकड्याच्या टोकांवर घासतात. सहा-आठ महिन्यांत झुबक्याच्या दोन बाजूंना केस आखूड झालेले दिसले तर दोष ब्रशचा नसून आकड्याचा आहे. अशा मुठीला स्टँड न घेतलेलाच बरा.

दुसरी गोष्ट उंची. आकड्यापासून चकतीपर्यंत केसांच्या लांबीपेक्षा निदान २० मिमी जास्त जागा हवी, म्हणजे टोकं चकतीला लागत नाहीत आणि खालून हवा जाते. साधारण बॅजर ब्रशचे (बॅजर नावाच्या प्राण्याच्या केसांच्या ब्रशचे) केस मुठीबाहेर ५० मिमीच्या आसपास असतात, पण डुकराच्या केसांचे काही मोठे ब्रश ६० मिमीच्या पुढे जातात. बॅजरच्या मापाचा स्टँड त्यांना आखूड पडतो.

तिसरी गोष्ट तोल. पितळी किंवा भरीव ॲल्युमिनियमची मूठ असेल तर भार दांडीच्या एका बाजूला येतो. दोन आकड्यांच्या स्टँडवर दुसऱ्या बाजूला रेझर असेपर्यंत सगळं ठीक, रेझर उचलला की स्टँड कलतो. चकतीखाली रबर असेल तर उत्तम. फेल्ट असेल तर ती ओल धरून ठेवते आणि चकती खालून गंजते.

धातूचं म्हणाल तर क्रोमचा मुलामा दिलेले स्टँड दिसायला सुरेख, पण मुलामा आधी आकड्याच्या आतल्या कडेला उडतो, जिथे मूठ घासते, आणि दांडी चकतीत स्क्रूने बसवलेली असते त्या सांध्यात. तिथे पाणी शिरतं आणि वर्षभरात तांबूस कडा दिसू लागते. ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलच्या एकाच सळईपासून वाकवलेला, सांधा नसलेला स्टँड दिसायला अगदीच साधा असतो. पण घ्यायचा तर तोच. ॲक्रिलिकचे स्टँड गंजत नाहीत, पण जाड मूठ जबरदस्तीने घुसवली की फटीच्या कोपऱ्यापासून तडा जातो. मुठीच्या बुडाला चिकटवायचे लोहचुंबकाचे टांगणे वाफेच्या जागी टाळावेत. चिकटपट्टी सैल पडते आणि ब्रश नेमका बेसिनच्या कडेवर आपटतो.

हा खर्च कुणी करावा? सिंथेटिक ब्रशवाल्यांनी अजिबात नाही. त्याचे केस पाणी शोषत नाहीत, झटकल्यावर काही तासांत ते कोरडे होतात. बॅजरला दिवस लागतो, डुकराच्या केसांना दमट हवेत त्याहून जास्त, कारण तो केस स्वतःच पाणी पितो. रोज दाढी करणाऱ्याने स्टँडऐवजी दुसरा ब्रश घेऊन दोन्ही आलटून पालटून वापरले तर फायदा जास्त. स्टँडचा खरा उपयोग लाकडी किंवा शिंगाच्या मुठीला आहे. बेसिनजवळच्या ओल्या फळीवर उभी ठेवलेली लाकडी मूठ बुडातून पाणी ओढते, फुगते, आकसते आणि शेवटी चिरते, शिंग वाकतं. टांगलं की हा प्रश्नच मिटतो.

स्टँड असो वा नसो, ब्रश बंद कपाटात ओला ठेवू नये. कुबट वास आणि बुडाशी काळे ठिपके हे बुरशीचं लक्षण आहे, आणि ठिपके खोबणीच्या आत उतरले असतील तर तो ब्रश टाकून द्यावा. कडक उन्हात किंवा हेअर ड्रायरखालीही वाळवायचा नाही.

महिनोन्‌महिने ठेवून द्यायचा असेल तर साबणाचा अंशही राहू न देता धुवून, मोकळ्या हवेत तीन-चार दिवस वाळवून मग पुठ्ठ्याच्या डबीत ठेवावा. नैसर्गिक केस म्हणजे केराटिन, आणि लोकरीला लागणारी कसर त्यालाही लागते. अधूनमधून डबी उघडून बघावी. डांबरगोळ्या मात्र नकोत: वास केसांत मुरतो, आणि काही प्लास्टिकच्या मुठींना नॅप्थलीन मानवत नाही.

प्रवासासाठी मिळणाऱ्या प्लास्टिकच्या नळ्यांना भोकं असतात, पण ओला ब्रश वाळवायला ती पुरत नाहीत. मुक्कामी पोचल्यावर ब्रश लगेच बाहेर काढावा. नळीत घालताना टोकं काठावर दुमडतात, ते टाळायला केसांभोवती जाड कागदाची पट्टी गुंडाळून ब्रश आत सरकवावा आणि मग पट्टी वरून ओढून घ्यावी.