कानाचं मशीन: सेलवालं की चार्जिंगवालं?
आमच्या आईकडे आधी सेलवालं होतं, आता चार्जिंगवालं आहे, म्हणून दोन्हीचं सांगते. सेलवाल्यात ते बटणाएवढे झिंक-एअर सेल लागतात, १३ नंबरच्या साइजला केशरी स्टिकर, ३१२ ला ब्राऊन, स्टिकर काढलं की हवा आत जाऊन सेल चालू होतो, मग मिनिटभर थांबून बसवायचा, आणि एकदा काढलेलं स्टिकर परत चिकटवून सेल वाचत नाही बरं का, आईने केलाय तो प्रयोग. आमचा आठ-दहा दिवस जायचा. पण हात थरथरत असतील तर तो चिमुकला सेल बसवणं म्हणजे नुसता वैताग, एक तर तांदळाच्या डब्यात सापडला! शिवाय घरात लहान पोर असेल तर गिळायची भीती.

चार्जिंगवालं रात्री चार्जिंगच्या डबीत ठेवलं की सकाळी तयार. किंमत मात्र जास्त, आणि आतली लिथियम-आयन बॅटरी काही वर्षांनी दमली की सर्व्हिस सेंटर गाठा. पावसाळ्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची डबी दोन्हीला हवीच.

आईला चार्जिंगवालंच सोयीचं पडतंय. मामा कोकणात एकटे असतात, तिथे लाइट गेली की गेली, त्यांना मी सेलवालंच घ्यायला लावलं, एक जादा पाकीट खिशात टाकलं की झालं.